नाव लावलेले पैसे

आमच्या लहानपणी वसईच्या घरात फडताळावर तीन डबे असत. एकात शाळेच्या फीचे पैसे, दुसऱ्यात पावसाळी बेगमीचे आणि तिसऱ्यात बांद्र्याच्या जत्रेचे. डब्यांवर काही लिहिलेले नसे. माझ्या आईला लिहितावाचता येत नव्हते. तरी कोणता डबा कशाचा, याविषयी घरात कोणाच्याही मनात संदेह नसे. बेगमीच्या डब्यातून सुके बोंबील, मीठ, मसाला, लाकूडफाटा यायचा. जत्रेच्या डब्याला सप्टेंबरपर्यंत कोणी हात लावीत नसे. रुपया तोच, त्याच्यावरचा छापही तोच. पण एकदा त्याला नाव लागले, की तो निराळाच रुपया होई.

एका वर्षी जुलैच्या वादळात आजीच्या खाटेवरची कौले उडाली. बेगमीचा डबा तोवर रिकामा झाला होता. फीच्या डब्याला हात लावायचा नाही, ही वडिलांची सक्त आज्ञा. आईने कोणाशी काही न बोलता जत्रेचा डबा उघडला. त्या सप्टेंबरात आम्ही भावंडे बांद्र्याला गेलो नाही. मी दोन दिवस आईशी बोललो नव्हतो आणि आजीवर तर त्याहून अधिक दिवस रुसलो होतो; जणू कौले तिनेच उडवली होती! या गोष्टीला आता पासष्ट वर्षे होत आली. कितीतरी वर्षे मी ती हसत हसत सांगत असे. २०२३ च्या जानेवारीपासून मात्र ते हसणे मला जमत नाही.

माझी मुलगी परिचारिका आहे. २०१६ पासून ती, जावई आणि दोन मुले उत्तर इंग्लंडमधील एका शहरात राहतात. साथीची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली, तर दर नाताळात ती सहकुटुंब वसईला येत असे. "माझी मुलगी दरवर्षी येते," हे वाक्य मी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून कितीदा म्हटले असेन, त्याची गणती नाही. ज्यांची मुले पाच-पाच वर्षे फिरकत नाहीत, असे शेजारी ते ऐकत असत. त्यांना काय वाटत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही. २०२२ च्या नाताळानंतर परत जाताना तिने मला सहा आठवड्यांसाठी बरोबर नेले. माझी पत्नी २०१९ मध्ये गेली. म्हातारा बाप एकटा किती दिवस राहील, ही तिची काळजी.

आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे अंगावर ओढलेली एक जादा गोधडी. घर तापवायला पैसे पडतात, ही कल्पनाच आपल्या घरखर्चात नाही. त्यामुळे या विषयावर आपण फार चटकन निकाल देतो. तिकडे बहुसंख्य घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये खेळते आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर लावलेल्या आकड्यापर्यंत घर तापले, की बॉयलर आपसूक थांबतो. तो आकडा म्हणजेच एका अर्थाने घरखर्चाचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. थंडीच्या दिवसांत घरातील तापमान निदान १८ अंश सेल्सियस असावे, असे त्यांत म्हटले आहे. बालके, वृद्ध आणि आजारी माणसे यांना त्याहून अधिक उबेची गरज पडू शकते.

मी पोहोचलो त्या रात्री थर्मोस्टॅटवर २० चा आकडा होता. घर छान उबदार होते. चौथ्या की पाचव्या दिवशी सहा वर्षांचा धाकटा नातू मांडीवर येऊन बसला आणि सहज म्हणाला, "आजोबा, तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्ही असलात की हीटिंग चालू असतं."

मुलांना लपवाछपवी ठाऊक नसते. त्यानंतर मी ते घर निराळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. मुलांच्या खोलीत कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले होते. मागे डोकावलो, तर छतापासून खाली काळी बुरशी उतरली होती. जावयाने त्यामागचे कारण सांगितले. माणसांचा श्वास, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांची वाफ घरातच राहते. घर उबदार असेल तर हवा ती वाफ धरून ठेवते. भिंत गार असेल तर तिथे वाफेचे पाणी होते आणि त्या ओलीत बुरशी धरते. नातवाचा खोकला त्या खोलीतला होता. मी आल्यावर ऊब वाढली होती. त्याआधी नोव्हेंबरपासून सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास बॉयलर चालवायचा, एरवी कोट घालून वावरायचे, असा त्या घराचा नियम होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मीटरचा एक छोटा पडदा असे. चहाचे आधण ठेवले, तरी त्यावरचे पेन्स वाढताना दिसत.

त्या हिवाळ्यात असे घर ते एकटेच नव्हते. गॅसचे भाव २०२१ पासूनच चढत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ते भडकले. तेथील नियामक संस्था ऑफजेम वीज आणि गॅस यांची दरमर्यादा ठरवते. सर्वसाधारण कुटुंबाचे वर्षाचे बिल त्या मर्यादेनुसार ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होते. ऑक्टोबर २०२२ साठी जाहीर झालेला आकडा ३,५४९ पौंडांचा होता. सरकारने मध्ये पडून तो २,५०० वर थोपवला आणि सहा महिन्यांत मिळून ४०० पौंडांची सूट प्रत्येक घराला दिली. तरीही बिल दुपटीच्या आसपास गेलेच. गावोगावी ग्रंथालये आणि चर्चची सभागृहे दिवसा उघडी ठेवली जात. ज्यांना घर तापवणे परवडत नाही, त्यांनी तिथे येऊन उबेत बसावे. आमच्या घराजवळच्या सभागृहात मीही दोन दुपारी जाऊन बसलो. समोरचे वृद्ध गृहस्थ शब्दकोडे सोडवीत होते. हातमोजे काढल्याखेरीज पेन्सिल धरता येत नव्हती आणि काढले की बोटे वळत नव्हती.

आता दुसरा आकडा. चौघांच्या नाताळातल्या विमानप्रवासाला साडेतीन हजार पौंडांच्या घरात पैसे पडत. नाताळ सोडून स्वस्ताईच्या दिवसांत का येत नाही, असे कोणी विचारील. शाळा बुडवून मुलांना नेले, तर इंग्लंडमध्ये पालकांना दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास ८० पौंडांपासून सुरू होतो. ज्या दिवसांत शाळेला सुटी, नेमक्या त्याच दिवसांत तिकिटांचे भाव गगनाला भिडलेले. मुलीच्या बँकेच्या खात्यात हल्ली पैशांचे कप्पे पाडता येतात आणि प्रत्येक कप्प्याला नाव देता येते. एका कप्प्याचे नाव तिने 'वसई' ठेवले होते. दर महिन्याच्या पगारातून तिथे तीनशे पौंड जात आणि काहीही झाले तरी ते बाहेर येत नसत. मला आईचे फडताळ आठवले.

एका रात्री मुले निजल्यावर मी तिला म्हटले, "बाय, पुढच्या नाताळाला येऊ नकोस. तो पैसा घरात घाल." ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, थंडीनं आम्ही मेलो नाही. पण आई गेली, तेव्हा मी इथे होते."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. म्हणून हा लेख.

सुटी आणि ऊब यांची तुलना सहसा तिऱ्हाईताच्या घराविषयी केली जाते. "सहलीला जायला पैसे आहेत, मग घर तापवायला कसे नाहीत?" हा प्रश्न विचारणाऱ्याचे घर बहुधा उबदार असते. वास्तविक दारिद्र्याचा अभ्यास करणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकाच यादीत घातल्या आहेत. १९८३ साली ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली. कोणत्या गोष्टी प्रत्येकाला मिळाल्याच पाहिजेत, असे सामान्य लोकांनाच त्यात विचारले होते. घरात ऊब हवी, असे शंभरांतील ९७ जणांनी सांगितले. वर्षातून एक आठवडा घराबाहेर सुटी हवी, असे ६३ जणांनी. म्हणजे ऊब पहिली, यात कोणाला शंका नव्हती; पण सुटी ही चैन आहे, असेही बहुसंख्यांनी मानले नाही. युरोपीय संघ वंचितता मोजताना आजही दोन्ही प्रश्न विचारतो: घर पुरेसे उबदार ठेवता येते काय, आणि वर्षातून एक आठवडा बाहेर जाता येते काय.

१९८३ च्या त्या यादीत एक गमतीची अट होती. सुटी धरायची ती 'नातेवाइकांकडे न घालवलेली'! म्हणजे माझ्या मुलीचे वसईला येणे त्या हिशेबात सुटीच नव्हे. मला प्रथम ही अट विक्षिप्त वाटली. नंतर ती फार शहाणपणाची वाटली. नाताळात ती वसईला येते, तेव्हा विश्रांती कसली घेते? आईच्या थडग्यावर फुले, माझ्या डोळ्यांची तपासणी, वाडीच्या सातबाऱ्याची कटकट, आत्याबाईंच्या घरी दोन जेवणे, पाच लग्ने. परत जाताना ती आली होती त्याहून अधिक दमलेली असते. याला आपण सुटी म्हणतो, कारण दुसरा शब्द आपल्याजवळ नाही.

विश्रांतीचे महत्त्व मी नाकारीत नाही. ख्रिस्तसभेनेही ते नाकारलेले नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कामगाराच्या हक्कांत साप्ताहिक विश्रांतीबरोबर वार्षिक सुटीही धरली आहे. त्याच्या कितीतरी आधी संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि विरंगुळा यांचा विचार करताना संत योहानाची जुनी कथा घेतली आहे. शिष्यांबरोबर खेळताना पाहून कोणी नाक मुरडले, तेव्हा योहानाने एका धनुर्धराला विचारले, धनुष्य सदोदित ताणलेलेच ठेवता येईल काय? ते मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच. तेव्हा रात्रपाळ्या करणाऱ्या परिचारिकेने वर्षातून पंधरा दिवस मोकळे व्हावे, हा तिच्यावरचा उपकार नव्हे. प्रश्न आहे तो त्या पंधरा दिवसांचे मोल कोणाच्या अंगातून वसूल होते, हा.

इथे मला आणखी एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो. ब्रिटनच्या सरकारने १९९७ साली वृद्धांसाठी हिवाळी इंधन अनुदान सुरू केले. पुढे ते साधारणपणे घरटी २०० पौंड आणि ऐंशी ओलांडलेल्यांसाठी ३०० पौंड झाले. ते रोख मिळते. कशावर खर्च करावे, याचे बंधन नाही. त्यामुळे सधन वृद्ध या पैशांतून मद्य घेतात, सहली करतात, अशी टीका वर्षानुवर्षे होत आली. स्पेनच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ब्रिटिश पेन्शनरांनाही ते मिळे. २०१५ च्या हिवाळ्यापासून उबदार देशांत ते बंद केले गेले. (त्या यादीत फ्रान्सही आला, कारण सरासरी काढताना त्याचे सागरापलीकडचे उष्ण प्रदेशही धरले होते. आल्प्सच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना काय वाटले असेल, कोण जाणे.) जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने अनुदान फक्त अत्यंत गरजू वृद्धांपुरते ठेवले, सुमारे एक कोटी लोक वगळले गेले. एवढा गहजब झाला, की जून २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांपर्यंत असलेल्यांना ते पुन्हा देण्याचे ठरले.

या वादात मला अधिक बोलके वाटते ते लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेचे २०११ मधील संशोधन. वृद्धांचे उत्पन्न नुसतेच शंभर पौंडांनी वाढले, तर त्यांतील सुमारे तीन पौंड इंधनावर जातील, असा हिशेब होता. पण त्याच शंभर पौंडांना 'हिवाळी इंधन' असे नाव दिल्यावर सुमारे ४१ पौंड इंधनावर गेले. बंधन काही नाही, तपासनीस नाही, केवळ नाव. माझ्या निरक्षर आईला हे पासष्ट वर्षांपूर्वी ठाऊक होते, असे म्हणायचा मोह होतो.

नावाची ही शक्ती चांगली आहे, असे आपण धरून चालतो. ती नेहमीच तशी असते काय? नाव लागलेला पैसा पवित्र होतो आणि बाकीच्या साऱ्या गरजा त्याच्या दाराबाहेर ताटकळत राहतात. प्रभू येशूने 'कुर्बान' या रूढीवर केलेली टीका मार्कच्या शुभवर्तमानात आहे. मिळकत देवाला वाहिली, एवढे म्हटले, की आईबापांना द्यायची गरज नाही, असे लोक मानू लागले होते. माझ्या मुलीच्या घरी तीच गोष्ट उलट्या अंगाने घडली. पैसा बापासाठी वाहिला आणि मुलांची खोली गार राहिली. नाव इतके सुंदर होते, की त्याला हात लावणे तिला पाप वाटे. कप्प्याचे नाव 'मौज' असते, तर तिने तो नोव्हेंबरातच फोडला असता.

ऊब आणि भेट यांत आणखी एक फरक आहे. भेटीला तारीख असते, तिकीट असते, फोटो असतात, देवळाच्या पायऱ्यांवर सांगणारा बाप असतो. उबेला यांपैकी काहीच नसते. घर उबदार असले, तर काहीही घडत नाही. तेच तिचे काम. जे घडत नाही, त्याच्यावर पैसे खर्चताना माणसाचा हात आखडतो. आपणही वाडीतल्या विहिरीचा कठडा बांधायचे राहून गेले, तरी मुलीच्या लग्नाचा मांडव कधी लहान घालीत नाही.

आणि तरीही तिच्या वाक्याचे काय? मोठ्या माणसाने स्वतःच्या अंगावर थंडी घ्यावी आणि त्या बदल्यात बापाचे तोंड पाहावे, हा त्याग आहे. त्याला अडवणारा मी कोण? कोट घालून ओट्याशी उभी राहणारी माझी मुलगी स्वतःची ऊब विकीत होती. ती तिची होती. पण सहा वर्षांच्या मुलाची ऊब तिची नव्हती, जावयाचीही नव्हती, आणि माझी तर मुळीच नव्हती. त्या मुलाला कोणी विचारले नव्हते. विचारले असते, तर त्याने खुशीने वसई निवडली असती, हे मला माहीत आहे. त्याला इथले आंबे नाताळातही लागतात. पण बालकाच्या होकाराला या बाबतीत किंमत देता येत नाही. मलाही त्या जुलैत कोणी विचारले असते, तर मी जत्राच निवडली असती आणि आजीची खाट भिजू दिली असती.

दोष मी मुलीला देत नाही. घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. ती दरवर्षी येत होती, ते मला आवडत होते. मी एकदाही विचारले नाही, की हे कशातून येते. "काटकसर करतो, बाबा," असे ती सांगे आणि मला ते ऐकून अभिमान वाटे. कोणती काटकसर, हे विचारण्याचे कष्ट मी घेतले नाहीत, कारण उत्तर कळले असते, तर त्या वाक्याची देवळाच्या पायऱ्यांवरची चव गेली असती.

२०२३ च्या नाताळाला ती आली नाही. आम्ही दोघांनी मिळून तसे ठरवले. 'वसई' कप्प्यातल्या पैशांतून मुलांच्या खोलीची भिंत साफ करून घेतली आणि तो सारा हिवाळा थर्मोस्टॅट १८ वर राहिला. नातवाचा खोकला कमी झाला. त्याचे श्रेय उबेचे, भिंतीच्या डागडुजीचे, की वाढत्या वयाचे, मी सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या, वारली. लहानपणी आई कामाला गेली, की याच आत्याने तिला सांभाळले होते. त्या नाताळाला ती आली असती, तर शेवटची भेट झाली असती. फोनवर ती एवढेच म्हणाली, "कळलं, बाबा." मी पुढे काही बोललो नाही. आमच्या हिशेबात ही रक्कम आम्ही मांडली नव्हती; मांडायची म्हटली असती, तरी कशी मांडली असती?

२०२४ च्या नाताळाला ती सहकुटुंब आली. आता तिच्या खात्यात दोन कप्पे आहेत. पहिल्याचे नाव तिने 'घर' ठेवले आहे. तो भरल्याखेरीज दुसऱ्यात पैसे पडत नाहीत. नातवाने मला विचारले, "घर म्हणजे कुठलं, आजोबा? इथलं की तिथलं?" येत्या नाताळाचे अजून ठरलेले नाही. ऑक्टोबरपासूनची दरमर्यादा ऑगस्टअखेर जाहीर होते. ती पाहू, आणि मग तिकिटांचे बघू, असे ती म्हणाली आहे.